पतंगांच्या चरित्रकार मेरियनबाई

राजे, सेनापति आणि प्रवासी यांचीं चरित्रें आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनांत वारंवार येतात, आणि तीं यावींत हें योग्यच आहे. परंतु जिनें आपल्या आयुष्याचीं पन्नासांहून अधिक वर्षें अळी, कोश आणि पतंग यांचें चरित्र समजून घेण्यांत घालविलीं, अशा एका स्त्रीची ओळख आमच्यापैकीं फार थोड्यांस असते. अळी दिसली कीं आपण ती झटकून टाकतों किंवा पायाखालीं चिरडतों. तिला घरीं आणून, तिचें अन्न शोधून काढून, तिच्यावर महिनेच्या महिने नजर ठेवून बसणारी ही बाई सतराव्या शतकांत जर्मनी देशांत जन्मास आली. तिचें नांव मारिया सिबिला मेरियन. तिच्याविषयीं चार गोष्टी आमच्या वाचकांस सांगाव्या, ह्या हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

बाईंच्या कामाचें मोल कळावयाचें असेल तर त्या काळच्या लोकांपुढें केवढें कोडें होतें हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. किडे, माशा व अळ्या चिखलांतून, कुजलेल्या मांसांतून किंवा दंवांतून आपोआप उत्पन्न होतात, असा समज युरोपांतील विद्वानांतही शतकानुशतकें चालत आला होता. त्या समजास हंसणें सोपें आहे. परंतु सृष्टि माणसाला कशी चकविते हें एका लहानशा पतंगाच्या उदाहरणावरून दिसून येईल.

युरोपांतील ओक वृक्षांच्या रानांत करड्या तपकिरी रंगाचा एक बारीक पतंग असतो. शास्त्रज्ञ त्याला ब्रुमाटा म्हणतात. शरद ऋतु सरत आला, झाडांचीं पानें गळूं लागलीं आणि बाकीचीं फुलपांखरें दिसेनाशीं झालीं, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून हिंवाळा लागेपर्यंत ह्या जातीचे नर अंधार पडल्यावर थंडींत उडूं लागतात. मादीला मात्र उडतां येत नाहीं; तिच्या अंगावर पंखांचे केवळ खुंट असतात. ती मातींतून निघून पायांनींच झाडाच्या बुंध्यावर चढत जाते, सालीच्या भेगांत व कळ्यांच्या आसपास शंभराहून अधिक अंडीं घालते आणि मरून जाते. सारा हिंवाळा तीं अंडीं तशींच राहतात. एप्रिलमध्यें ओकाच्या कळ्या फुटूं लागल्या कीं अंड्यांतून हिरव्या अळ्या बाहेर पडतात. त्या लौकर निघाल्या तर खावयास पान नसतें. उशिरां निघाल्या तर पान निबर झालेलें असतें. इतका हा मेळ नाजूक आहे. रानांतील कित्येक लहान पक्षी आपल्या पिलांना ह्याच अळ्या भरवून वाढवितात. मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्यें पुष्ट झालेली अळी खालीं उतरून मातींत शिरते, तेथें कोश करते आणि पुन्हा पानगळ येईपर्यंत जमिनींतच राहते.

आतां ज्या शेतकऱ्यानें वसंतांत पानें कुरतडणारी अळी पाहिली, त्याला नोव्हेंबरच्या गारठ्यांत बुंध्यावर चढणारा हा बिनपंखी किडा त्याच अळीची पुढली अवस्था आहे, हें कसें उमगावें? अळ्या पालवीबरोबर एकाएकीं दिसतात आणि उन्हाळ्यांत एकाएकीं नाहींशा होतात; तेव्हां त्या दंवांतून झाल्या असें कोणास वाटलें तर नवल नाहीं. वर्षभर एकाच जीवाचा पाठपुरावा केल्यावांचून हा संबंध दिसत नाहीं. असा पाठपुरावा एक दोन नव्हे, तर शेंकडों जीवांच्या बाबतींत करणें, हेंच मेरियनबाईंचें जीवितकार्य झालें.

मारियाचा जन्म ता. २ एप्रिल १६४७ रोजीं फ्रँकफुर्ट शहरीं झाला. तिचे वडील मॅथेउस मेरियन हे तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरण्याच्या कलेंत व ग्रंथप्रकाशनांत नांवाजलेले गृहस्थ होते. परंतु मुलगी तीन वर्षांची असतांनाच, १६५० सालीं, ते निवर्तले. तिच्या आईनें पुढें याकोब मारेल नांवाच्या चित्रकाराशीं विवाह केला. मारेल फुलांचीं चित्रें काढण्यांत कुशल असून ते मायेनें वागणारे गुरु होते. सावत्र पित्याच्या हाताखालीं मारिया रेखाटन, रंगकाम आणि ताम्रपटावरील कोरीव काम शिकली. त्या काळीं मुलींस विद्यापीठाचे दरवाजे बंद असत. तिची शाळा म्हणजे घरांतील चित्रशाळा, आणि तिचे ग्रंथ म्हणजे घराबाहेरचीं झाडेंझुडपें.

वयाच्या तेराव्या वर्षीं, १६६० सालीं, तिनें रेशमाचे किडे पाळून त्यांच्या स्थित्यंतरांचें निरीक्षण आरंभिलें. अंड्यांतून अळी, अळींतून कोश आणि कोशांतून पतंग हा क्रम तिनें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला. तेवढ्यानें तिचें समाधान झालें नाहीं. इतर अळ्यांपासून रेशमाच्या किड्याहून कितीतरी सुंदर पतंग व फुलपांखरें निघतात असें तिला दिसून आलें, आणि मग सांपडेल ती अळी घरीं आणून पोसण्याचा तिनें परिपाठ ठेविला. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. बहुतेक अळ्या ठराविक झाडांचींच पानें खातात. भलतें पान दिलें तर उपाशी मरतील, पण त्याला तोंड लावणार नाहींत. म्हणून ज्या झाडावर अळी मिळाली त्याचीं ताजीं पानें रोज आणून देणें, डबी स्वच्छ ठेवणें, अळीनें कात कधीं टाकली, कोश कधीं केला, पतंग कधीं निघाला, हें सारें टिपून ठेवणें आणि प्रत्येक अवस्थेचें रंगीत चित्र काढणें, असा तिचा क्रम होता. इटलींतील वैद्य फ्रान्सेस्को रेडी यांनीं मांस झांकून ठेवून, माशीनें अंडीं घातल्यावांचून त्यांत किडे होत नाहींत हें १६६८ सालीं सिद्ध केलें. फ्रँकफुर्ट येथील ह्या मुलीचा उद्योग त्यापूर्वींच आठ वर्षें सुरू झाला होता.

१६६५ मध्यें योहान आंद्रेयास ग्राफ या चित्रकाराशीं तिचा विवाह झाला, आणि कांहीं वर्षांनीं हें कुटुंब न्यूरेंबर्ग येथें राहावयास गेलें. मेरियनबाईंस दोन कन्या झाल्या: योहाना हेलेना १६६८ सालीं आणि डोरोथेआ मारिया १६७८ सालीं. घरकाम व मुलींचें संगोपन संभाळून त्या गांवांतील मुलींस चित्रकला शिकवीत आणि भरतकामास नमुने म्हणून उपयोगीं पडतील अशा फुलांच्या चित्रांचीं पुस्तकें काढीत. ह्या सर्व उद्योगांत अळ्यांच्या डब्या मात्र कधीं रिकाम्या राहिल्या नाहींत. अखेर १६७९ मध्यें त्यांचें सुरवंटांच्या अद्भुत रूपांतरावरील पुस्तक निघालें. त्यांत पन्नास चित्रपट होते. १६८३ मध्यें आणखी पन्नास चित्रपटांचा दुसरा भाग निघाला.

ह्या पुस्तकांत नवीन असें काय होतें? त्यापूर्वींच्या ग्रंथांत कीटकांचीं चित्रें असत, पण बहुधा सुटीं सुटीं. येथें एक माशी, तेथें एक भुंगा. मेरियनबाईंनीं प्रत्येक चित्रांत अळीचें अन्न जें झाड तें मध्यें काढिलें आणि त्याच झाडावर अळी, कोश व पतंग, आणि शक्य तेथें अंडींही, दाखविलीं. म्हणजे एका पानावर एका जीवाचा सबंध संसारच मांडला. जीव आणि त्याचें अन्न यांची फारकत करूं नये, ही गोष्ट आज शाळेंतील मुलासही शिकविली जाते. ती चित्रांतून इतक्या पद्धतशीर रीतीनें पुढें मांडणाऱ्यांत ह्या बाईंचें स्थान अगदीं आरंभींचें आहे. शिवाय हीं पुस्तकें पंडितांच्या लॅटिनमध्यें न लिहितां त्यांनीं सामान्य जनांच्या जर्मन भाषेंत लिहिलीं.

त्यांच्या प्रामाणिकपणाचें एक उदाहरण आम्हांस विशेष वाटतें. कधीं कधीं असें होई कीं, बाईंनीं जपून वाढविलेल्या अळीपासून पतंग न निघतां त्या जागीं लहान लहान माशाच बाहेर पडत. असें कां व्हावें याचा उलगडा त्यांस झाला नाहीं. कांहीं जातींच्या माशा व गांधीलमाशीच्या कुळांतले बारीक कीटक जिवंत अळीवर किंवा तिच्या अंगांत अंडीं घालतात आणि त्यांचीं पिलें अळीला आंतून खाऊन वाढतात, हें आज आपणांस ठाऊक आहे. बाईंना तें ठाऊक नव्हतें. तरी आपल्या समजुतीशीं जुळत नाहीं म्हणून तो अनुभव त्यांनीं गाळला नाहीं. दिसलें तसें लिहिलें आणि चित्रांतही काढिलें. ज्याचें कारण कळत नाहीं तेंही नीट नोंदून ठेवणें हा शास्त्राच्या अभ्यासकाचा मोठाच गुण होय.

ह्यापुढचीं वर्षें कष्टाचीं गेलीं. १६८१ मध्यें सावत्र पिता वारल्यामुळें त्या फ्रँकफुर्टला आईजवळ परत आल्या. पतीशीं त्यांचें पटेनासें झालें होतें. १६८५ च्या सुमारास आई व दोन्ही मुली यांस घेऊन त्या हॉलंडांतील फ्रीसलंड प्रांतीं गेल्या आणि लाबादी नांवाच्या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतींत राहूं लागल्या. ह्या पंथाचे लोक संसाराचें वैभव सोडून एका जुन्या गढींत साधेपणानें, सामाईक मिळकतीवर राहत असत. गढी ज्या घराण्याची होती त्यांतील एक गृहस्थ दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम या डच वसाहतीचे गव्हर्नर होते, त्यामुळें तेथील चमत्कारिक कीटकांची वार्ता बाईंच्या कानीं आली. १६९० मध्यें आई वारल्यावर पुढल्या वर्षीं त्या मुलींसह ॲम्स्टरडॅमला गेल्या, आणि १६९२ मध्यें पतीशीं त्यांचा कायदेशीर विभक्तपणा झाला. चित्रें विकून, रंग तयार करून विकून आणि शिकवण्या करून त्यांनीं आपला व मुलींचा चरितार्थ चालविला.

ॲम्स्टरडॅम हें त्या वेळीं जगाच्या व्यापाराचें केंद्र होतें. तेथील धनिकांच्या संग्रहांत दूरदेशींचीं रंगीबेरंगी फुलपांखरें टांचून ठेविलेलीं असत. बाईंनीं तीं पाहिलीं, आणि एकच प्रश्न त्यांच्या मनांत वारंवार येऊं लागला: ह्यांची अळी कशी होती, ती काय खात होती, कोश कोठें झाला? मेलेलें फुलपांखरूं ह्याचें उत्तर देऊं शकत नव्हतें. तेव्हां त्यांनीं आपलीं २५५ चित्रें विकून पैसा उभा केला आणि १६९९ च्या जूनमध्यें, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, धाकट्या मुलीला घेऊन सुरिनामला जाणाऱ्या जहाजांत पाऊल ठेविलें. त्या काळीं इतक्या दूरचा प्रवास केवळ ज्ञानासाठीं, तोही कोणा पुरुषाच्या सोबतीवांचून, करणारी स्त्री क्वचितच दुसरी कोणी असेल.

सुरिनामांतील गोऱ्या मळेवाल्यांचें सारें लक्ष ऊंस व साखर यांत गुंतलेलें होतें. साखरेवांचून दुसरें कांहीं शोधावयास आलेल्या ह्या बाईंची ते थट्टा करीत. बाईंनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. भयंकर उकाडा, पावसाची झड आणि कुऱ्हाडीनें वाट पाडल्यावांचून आंत शिरतां येऊं नये असें अरण्य, अशा स्थितींत त्यांनीं जवळजवळ दोन वर्षें काम केलें. येथें एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं. ही वाट पाडणारे हात आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे होते, आणि अळ्या, झाडें व त्यांचे उपयोग यांची पुष्कळशी माहिती बाईंना गुलामांनीं व तेथील मूळच्या रहिवाशांनीं पुरविली. परत येतांना बाईंबरोबर तेथील मूळची एक स्त्रीही ॲम्स्टरडॅमला आली, पण तिचें नांवही इतिहासांत उरलें नाहीं. ज्ञानाच्या इमारतीखालीं अशीं किती निनांवी माणसें दडलेलीं असतात!

मात्र त्या स्त्रियांचें दुःख बाईंनीं आपल्या ग्रंथांत नोंदविलें. आपल्याकडे बागेंत तांबडीं पिवळीं फुलें येणारें शंकासुराचें झाड असतें, तें पुष्कळांनीं पाहिलें असेल. हेंच झाड बाईंनीं सुरिनामांत पाहून त्याचें चित्र काढिलें आणि सोबत लिहून ठेविलें कीं, आपल्या उदरीं गुलाम मूल जन्मास येऊं नये म्हणून दास्यांत पिचलेल्या स्त्रिया ह्या झाडाच्या बियांचा आश्रय करितात, आणि छळ असह्य झाला म्हणजे कित्येक जणी प्राणत्यागही करितात. हें त्यांना त्या स्त्रियांनींच सांगितलें होतें. एका अळीच्या चित्राशेजारीं ही हकीकत आली नसती तर ती कदाचित् कोणाच्याही कानीं गेली नसती. सुरिनामांतील गुलामगिरी पुढें १८६३ सालीं कायद्यानें बंद झाली.

उष्ण देशाच्या तापानें बाईंची प्रकृति ढांसळली आणि १७०१ च्या जूनमध्यें त्यांना नाइलाजानें परतावें लागलें. चार वर्षांच्या खटपटीनंतर १७०५ मध्यें सुरिनामांतील कीटकांच्या रूपांतरांवरील त्यांचा भव्य ग्रंथ स्वतःच्या खर्चानें डच व लॅटिन या दोन भाषांत प्रसिद्ध झाला. त्यांत साठ चित्रपट होते. पहिल्याच चित्रांत अननस आहे. पुढें पेरू, पपई व केळीं आहेत. अननस, पेरू आणि पपई हीं फळें मूळचीं अमेरिकेंतलीं. हिंदुस्थानांत तीं बाहेरून आलीं आणि आतां आपल्या घरचींच झालीं आहेत. त्यामुळें हा परदेशचा ग्रंथ उघडणाऱ्या मराठी माणसाला आपल्याच परसांत आल्यासारखें वाटल्यास आश्चर्य नाहीं.

ग्रंथाची कीर्ति झाली, पण संपत्ति मिळाली नाहीं. १७१५ मध्यें बाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि ता. १३ जानेवारी १७१७ रोजीं ॲम्स्टरडॅम येथें त्यांचें देहावसान झालें. मृत्यूच्या नोंदींत त्यांची गणना निर्धनांत झाली आहे. त्याच सुमारास रशियाचा बादशहा पीटर याच्यासाठीं त्यांचीं पुष्कळशीं चित्रें विकत घेण्यांत आलीं. धाकटी मुलगी डोरोथेआ हिनें आईच्या सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा भाग त्याच वर्षीं प्रसिद्ध केला आणि पुढें ती पतीसह सेंट पीटर्सबर्ग येथें जाऊन राहिली. प्राण्यांस व वनस्पतींस शास्त्रीय नांवें देणारा स्वीडनचा लिनेयस यानें अनेक जातींच्या वर्णनांत बाईंच्या चित्रांचा आधार घेतला आहे.

मृत्यूनंतरही ह्या कामाची परीक्षा चुकली नाहीं. पेरूच्या झाडावर एक प्रचंड कोळी लहानशा पक्ष्याला खात आहे असें एक चित्र त्यांच्या ग्रंथांत आहे. एकोणिसाव्या शतकांतील कांहीं टीकाकारांनीं तें खोटें ठरविलें आणि त्यावरून सबंध ग्रंथालाच दोष दिला. परंतु इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री वॉल्टर बेट्स यांनीं ॲमेझॉन नदीच्या प्रदेशांत असा कोळी पक्ष्यांसह प्रत्यक्ष पाहिला आणि १८६३ सालीं तें छापून प्रसिद्ध केलें. बाईंच्या कांहीं गोष्टी खरोखरच चुकीच्या निघाल्या, हेंही सांगितलें पाहिजे. कंदीलमाशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कीटकाच्या डोक्यांतून रात्रीं प्रकाश पडतो असें त्यांनीं लिहिलें, तें पुढील निरीक्षकांना आढळलें नाहीं. पण चुका धरूनही त्यांच्या कामाचा मोठा भाग टिकला, कारण तो ऐकीव माहितीवर नव्हे, तर दिवसानुदिवस पाहिलेल्या गोष्टींवर उभा होता. ज्या जर्मनींत त्यांना विद्यापीठाची पायरी चढतां आली नाहीं, त्याच जर्मनीनें १९९२ सालीं काढलेल्या पांचशें मार्कांच्या नोटेवर त्यांची छबी छापली. युरो नाणें आल्यावर २००२ मध्यें ती नोट व्यवहारांतून गेली.

विद्यार्थी मित्रहो, अशा निरीक्षणास सुरिनामची सफर लागत नाहीं. लिंबाच्या किंवा कढीनिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी काळी पांढरी अळी असते. तीच वाढतांना हिरवीगार होते. रुईच्या पानांवर पट्ट्यापट्ट्यांची अळी आढळते. ती भोंकें पाडलेल्या डबींत ठेवा, रोज त्याच झाडाचीं ताजीं पानें द्या, तारीख घाला, दिसेल तसें चित्र काढा. चित्र बरें आलें नाहीं तरी चिंता नाहीं. पाहिलेलें मात्र खरें असावें. पतंग किंवा फुलपांखरूं निघालें कीं त्याला सोडून द्या.

आणि पालकांस आमची एक नम्र विनंती आहे. घरांतील मुलानें, विशेषतः मुलीनें, अशी एखादी डबी आणून खिडकींत ठेविली तर घाण म्हणून ती फेंकून देऊं नये. फ्रँकफुर्ट येथील एका घरांत चित्रकलेच्या शिक्षणाबरोबर अळ्यांच्या डब्यांसही थारा मिळाला, म्हणून एका तेरा वर्षांच्या मुलीच्या कुतूहलांतून जगाला एवढें ज्ञान लाभलें. पतंग कोशांत असतो तेव्हां बाहेरून कांहींच घडत नाहीं असें दिसतें. मुलांच्या मनांचेंही पुष्कळ वेळां तसेंच असतें. त्या काळांत धीर धरणें एवढेंच वडील माणसांच्या हातीं आहे.